नंबर नसलेली बाटली

एक.

काचेची. हिला काही होत नसतं. म्हणूनच ती ठेवायची, बाकीच्यांची लाज काढायला.

कनौजच्या उन्हात, कारखानदार लालाजींच्या गच्चीवर, चार तऱ्हेच्या बाटल्यांत खसचं अत्तर भरून ठेवलं होतं. प्रत्येकीची एक उभी, एक आडवी. आडवी अशासाठी की तेल झाकणाला लागून राहावं. काच वाटेत फुटते आणि तंबाखूवाल्या गिऱ्हाइकाला प्लास्टिक हवं होतं. कुठलं प्लास्टिक अत्तराला मानवतं, ते बघायचं. डोळ्यांना दिसेल ते मी बघायचं. शेवटचा शब्द अब्बांच्या नाकाचा.

अब्बांचं नाक मेलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात ताप आला, उतरला, जाताना वास घेऊन गेला. चुलीवर दूध करपून काळं झालं आणि अब्बा शेजारीच बसून जपमाळ ओढत होते. हे फक्त त्यांना ठाऊक आणि मला. कारखान्यात कळलं, तर अब्बा, सगळ्यांचे इल्तिफात मियां, म्हणजे नुसता एक म्हातारा. भट्टीत लाकडं सारायलाही कुणी ठेवणार नाही.

म्हणून खुणा. आधी वास मी घेते, मग दारात उभी राहते. बोट कपाळाला: गुलाब. कानाला: खस. हनुवटीला: मिट्टी, ओल्या मातीचं अत्तर. ओढणीचं टोक दातात: बिघडलंय.

दोन.

पांढरी, मऊ. आठवड्यात पोट आत गेलं. झाकण घट्ट, तरी जिन्यातूनच खसचा वास.

"ही आमच्या मेहुण्यासारखी," भट्टीवाला पुत्तन म्हणाला. "पोटात काही राहत नाही. सगळं मोहल्ल्याला कळतं."

"तुमच्या पोटात राहतं का, पुत्तनभाई?"

"लालाजींनी विचारलं नाही तोवर राहतं."

मी हसले.

तीन.

पारदर्शक, काचेसारखी ऐटबाज. आडवी तडकली. झाकण फिरवलं तर त्याचा हातात चुरा झाला. गच्चीवर हिरवा डाग पसरला, आणि वास असा की खालून पोरं वर बघायला लागली.

अब्बा वर आले. त्या डागात पाय देऊन पलीकडे गेले. खाली पाहिलंही नाही.

पुत्तननं पाहिलं. डागाकडे, मग अब्बांकडे, मग माझ्याकडे.

चार.

निळसर, जाड. उन्हानं हिचं काही वाकडं केलं नाही. पोट तसंच, रंग तसाच, झाकण एका फिरकीत सुटतं. लालाजी तिला पोरीसारखं कुरवाळत होते.

मी आडवी उघडली. वर खस होता. खसच्या खाली आणखी काहीतरी. झाकणाच्या आत रबराची चकती होती, तेल तिला चाटत पडलं होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वास.

दुपारी बैठकीत अब्बांनी बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले, उघडले. मी दारात. ओढणी दातात.

"बिघडलंय, लालाजी."

"परत बघा, मियां. मला तर खसच येतोय."

"तुम्हाला जर्द्याशिवाय दुसरं काय येतं?"

माणसं हसली. लालाजी हसले नाहीत.

"सौदा झालाय, मियां. बाटल्यांची खोकी वाटेत आहेत."

"मग नाकाला कशाला विचारता? खोक्यांनाच विचारा."

किती दिवसांनी अब्बा असे बोलले. मला बरं वाटलं. पुत्तन जमिनीकडे बघत होता.

नंबर नाही.

लालाजी उठले. कपाटातून एक काळपट काचेची कुपी काढली, तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

"राहू द्या ते. हे कुठलं, सांगा. हात लावू नका, नुसतं नाक."

कुपी त्यांनी स्वतःच धरली, बूच काढलं. अत्तराचं बूच निघालं की दारापर्यंत कळतं. काहीच आलं नाही. कोपऱ्यातल्या माठाखाली जमीन ओली होती.

अब्बांनी डोळे मिटले, श्वास खोल ओढला, छाती भरली. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

कपाळ. कान. हनुवटी. पाण्यासाठी आम्ही खूण ठरवलीच नव्हती.

मी हात खाली धरून ठेवले. बैठकीत पंखा बंद होता. घाम गालावरून ओघळत हनुवटीशी आला, थांबला, आणि मी तो पुसला.

"मिट्टी," अब्बा म्हणाले. "वा! कोऱ्या माठाची. काय उतरलीय, लालाजी!"

कुणी हसलं नाही. लालाजींनी बूच हळूच लावलं, झोपलेलं मूल ठेवावं तशी कुपी ठेवली.

"लालाजी, चार नंबरला खरंच वास आहे," मी म्हणाले. "मी घेतलाय. झाकणातली चकती..."

"घरी जा, बेटी. अब्बांना घेऊन जा." मग माझ्याकडे न बघताच, "पुत्तन, चार नंबर भरायला घे."

अब्बांना अजून काही कळलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, भुवया उंचावून, बरोबर ना, असं विचारत.

मी ओढणीचं टोक दातात धरलं.