घळईतला लाल ठिपका

“चेहरा कसा ठेवू?” लिफ्टमनने पलीकडच्या खडकावरून ओरडून विचारले.

दोन उभ्या कड्यांमधल्या घळईतून नदी उसळत चालली होती. तिने प्रश्नाचा अर्धा भाग गिळला. दुसऱ्यांदा विचारल्यावर अलीकडच्या काठावरून, कॅमेऱ्यामागून, मेहुण्याचे उत्तर आले, “कसाही ठेवा, भावोजी. दिसणार नाहीये.”

मेहुणा दातांचा डॉक्टर. त्याला स्पर्धेसाठी घळईचे छायाचित्र हवे होते, आणि कडे किती उंच आहेत हे कळावे म्हणून चौकटीत एक माणूस हवा होता. तेवढ्याचसाठी त्याने बहिणीच्या नवऱ्याला लाल स्वेटर चढवून झुलत्या पुलावरून पलीकडे धाडले होते.

लिफ्टमनने मात्र या आमंत्रणाचा अर्थ निराळा लावला होता. एका कचेरीच्या लिफ्टमध्ये, बटणांकडे तोंड करून, त्याचे आयुष्य वरखाली झाले होते. साहेब आले, साहेब गेले, सर्वांनी पाहिली ती त्याची पाठ. लग्नानंतर घरच्या प्रत्येक समारंभात कॅमेराही त्याच्याच हाती दिला जाई. त्यामुळे फोटोत मधोमध उभे राहायचे म्हटल्यावर त्याने मिशीला कलप लावला आणि आरशापुढे हसण्याची तालीम केली. डोंगर चढताना बायको मागून म्हणालीही होती, “नवरदेव, जरा हळू.”

आता त्याने कड्यावर नजर टाकली. निदान तीस मजले, आणि मधे कुठेही थांबा नाही.

“थोडे दात दाखवू का?”

“भावोजी, मी दातांचाच डॉक्टर आहे. सांगतो ना, नाही दिसणार.”

तरीही तो हसला. कड्यावरचे ऊन मनाजोगते उतरेपर्यंत मेहुण्याने त्याला ताटकळत ठेवले. गाल दुखले, ओठ सुकले, एक माशी कलपाची चौकशी करून गेली. हसू त्याने ढळू दिले नाही.

छायाचित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले आणि ते दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लागले. बायकोची दाढ काढायची होती त्या दिवशी लिफ्टमनने ते प्रथमच पाहिले. कडे होते, नदी होती, आभाळाची निळी चिंधी होती. खडकावर, टाचणीच्या डोक्याएवढा, लाल ठिपका होता.

“काचेवर काहीतरी चिकटलंय,” असे म्हणत गाल सुजलेला एक रोगी उठला आणि त्याने तो ठिपका रुमालाने घासला. ठिपका गेला नाही. लिफ्टमनने सवयीने पाठ फिरवली.

बायको बाहेर आली. दाढेच्या जागी कापूस होता. तिने काचेला नाक लावले आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

“हसताय,” ती म्हणाली.

“एवढ्याशा ठिपक्यात तुला काय दिसलं?”

“ठिपक्याखाली रेघ एकच आहे. पाय जुळवलेत. हसताना तुम्ही असेच उभे राहता. लग्नाच्या फोटोत तेवढे हसला होतात, तेव्हाही असेच.”

लिफ्टमनने खाली पाहिले. त्याचे दोन्ही बूट एकमेकांना चिकटून उभे होते.