हरवण्यासाठी केलेला बूट

मी बूट बोलतोय. उजवा. डाव्याचं इतक्यात विचारू नका. माझ्या शेजारी एक बादली ठेवलीय, तिच्यात काहीतरी चाललंय आणि माझा जीव अजिबात थाऱ्यावर नाही.

माझी गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. चुलीपाशी राबणारी पोर, राजवाड्यातला नाच, बाराचे ठोके आणि पायरीवर राहून गेलेला काचेचा बूट. त्या गोष्टीवर एक सिनेमा निघाला. त्यातला बूट तो मी. काच कुठली हो, दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एका माणसाने साच्यात ओतलेलं प्लास्टिक आहे मी. राजवाड्याचं फाटक रंगवायला तो आला होता. दिग्दर्शकाने त्यालाच सांगितलं, "जाता जाता बूटही करून टाका."

हिरॉइन अजून ठरायची होती. मग माप कुणाचं घ्यायचं? पाटीवाल्याने आपल्या बायकोला स्टुलावर बसवलं, तिचा उजवा पाय बादलीतल्या प्लास्टरमध्ये बुडवला. ती इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभं राहून काम करते. "चला, या निमित्ताने बसायला तरी मिळालं," म्हणाली आणि अर्धा तास मटार सोलत बसली. त्या पायाच्या मापाचा मी झालो. टाचेपाशी एक बुडबुडा राहिला, तो माझा तीळ समजा.

शूटिंगच्या दिवशी दिग्दर्शकाने विचारलं, "दुसरा कुठंय?"

"दुसरा कशाला?" पाटीवाला म्हणाला. "गोष्टीत हरवतो एकच, सापडतोही एकच."

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. नाचाचा सगळा प्रसंग मग कमरेच्या वरूनच घेतला. हिरॉइन एका पायात मी आणि दुसऱ्यात रबरी चप्पल घालून नाचली. तेही जेमतेम चवड्यावर, कारण तिची टाच माझ्यात मावेचना. सावत्र बहिणीचं काम करणारीला मात्र मी बऱ्यापैकी बसत होतो. आता बोला. तेव्हापासून माझ्या मनाला चैन नाही. एकटा बूट ना घालता येतो, ना टाकवतो.

शेवटच्या प्रसंगात तर पंचाईतच झाली. राजपुत्र गुडघ्यावर बसला, त्याची मिशी एका बाजूने सुटलेली, आणि हिरॉइनचा पाय काही आत जाईना. तेवढ्यात पाटीवाल्याची बायको नवऱ्याचा डबा घेऊन आली. दिग्दर्शक म्हणाला, "बूट तुमच्याच मापाचा ना? मग बसा इथे. फक्त पाय दिसेल."

तिच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू. मी अलगद बसलो. कॅमेरा अगदी जवळ आणला. पाटीवाला बाजूलाच उभा होता, आणि त्याची नजर तिच्या टाचेवर खिळली होती. उभं राहून राहून तिच्या टाचांना भेगा पडल्यात आणि मी पडलो आरपार दिसणारा. मला वाटलं, आता हा म्हणेल की थांबा, जरा क्रीम-पावडर लावू. पण दिग्दर्शक घाईत होता. पाटीवाला काही बोललाच नाही.

सिनेमा शुक्रवारी लागला. ती ठेवणीतले कपडे घालून गेली, बहिणीला आणि दुकानातल्या दोघींना घेऊन. पाटीवाल्याने मला कागदात गुंडाळून कौतुकाने बरोबर नेलं होतं. मध्यंतरापर्यंत निम्मी माणसं उठून गेली, उरलेली जांभया देत बसली. आणि मग शेवटी पडद्यावर ती टाच आली, भिंतीएवढी. मागून कुणीतरी ओरडलं, "राजकन्या अनवाणी चालत आली वाटतं." अख्खं थिएटर हसलं. बहीणही हसली, तिला कुठे माहीत होतं पाय कुणाचा ते. ती मात्र दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून बसली.

सोमवारी सिनेमा उतरला. दुसऱ्या दिवसापासून ती मोजे घालायला लागली, घरात, उन्हाळ्यात, कधीही. नवऱ्याशी बोलणं कामापुरतं. मी पाट्यांच्या कारखान्यातल्या फळीवर गेलो. पाटीवाल्याने माझ्यात स्क्रू भरले. दीड वर्ष तो मला उचलायचा, स्क्रू घ्यायचा, टाचेकडे बघायचा आणि परत ठेवायचा. त्याच्याही मनाला घोर होता, पण बोलेल तर शपथ. मी आपला खुळखुळत राहायचो.

आज दुपारी ती कारखाना झाडायला आली. तिने मला उपडं केलं, स्क्रू डब्यात ओतले, मला फडक्याने पुसलं. मग स्टुलावर बसून उजवा मोजा काढला. मी पहिल्यासारखाच बसलो. ती उठून उभी राहिली, एका बाजूला कलंडत, आणि दारात पाटीवाला.

"मी त्या दिवशी भेगा पाहिल्या होत्या," तो म्हणाला. "बोललो नाही. चुकलंच माझं."

"माहीत आहे मला. तुम्ही कुठे बघत होतात ते मी बघत होते."

तो उगाच डब्यातले स्क्रू चाळायला लागला.

"आता असं एका पायावर किती वेळ उभी ठेवणार आहात? दुसरा करा."

"करतो. पण तोही आरपारच होईल. भेगा दिसतील."

"दिसू देत. मला दोन्ही घालून बहिणीकडे जायचंय. तो पाय माझा होता, हे सांगायचंय तिला."

तर मंडळी, तो सिनेमा कुठे तुमच्या नजरेस पडला तर हसायला माझी ना नाही. राजपुत्राची मिशी सुटते तिथे पोट धरून हसा. टाच दिसली की मात्र हसू नका, एवढं ऐका माझं.

पाटीवाल्याने प्लास्टर कालवलंय. ती स्टुलावर बसलीय, डावा पाय बादलीत आहे. उजव्यातून तिने मला काढलेलंच नाही.

"हलवू नकोस हं पाय," तो सांगतोय.

डावा तिने जरासुद्धा हलवलेला नाही. उजव्या पायाने मात्र मघापासून जमिनीवर टकटक चाललीय, आणि ती तिची नाही, माझी आहे.