धक्क्यावरची आक्का

मित्रांनो, तुमच्या सहलीच्या फोटोत दात काढून हसणाऱ्या पोरांच्या मागे एक लांब मानेची पिवळी क्रेन दिसते ना, ती मी. पिवळा हा काही माझा खरा रंग नव्हे. या वयात मला असे नटवून उभे करतील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

माझा जन्म एका लोखंडाच्या कारखान्यात झाला. तिथून मला तुकड्यातुकड्यांनी होडक्यात घालून नदीच्या या धक्क्यावर आणले आणि जोडून उभे केले. तेव्हा इथे जहाजे लागत. त्यांच्या पोटातली खोकी, पोती, यंत्रे उचलून गोदामाच्या दाराशी ठेवायची, हे माझे काम. हमालांनी माझे नाव 'आक्का' ठेवले. "आक्का, जरा मान वळव गं!" अशी हाक खालून आली की मला हुरूप यायचा. मान वळवणारा अर्थात मामा. माझ्या चालकाला सगळा धक्का मामाच म्हणे. खिडक्यांच्या काचांची खोकी तो इतकी अलगद उतरवायचा, की जणू झोपलेले मूल पाळण्यात ठेवतोय. एकदा एका कप्तानाने मुद्दाम खोके फोडून पाहिले. एकाही काचेला तडा नव्हता. त्याने मामाला कडक सलाम ठोकला, मामाने माझ्या पोलादी पायावर थाप मारली आणि मला आभाळ ठेंगणे झाले.

मामाची लेक शाळा सुटली की त्याचा डबा घेऊन यायची. मामा तिला वर माझ्या केबिनमध्ये बसवायचा. नदी कुठे वळते, रूळ कुठवर जातात, गोदामांमागे कामगारांच्या खोल्या कशा दाटीवाटीने वसल्या आहेत, हे ती टक लावून बघायची. आपले घर सापडले की ओरडायची, "बाबा, ती बघा आई, कपडे वाळत घालतेय!" तिला भूगोलाची गोडी माझ्या केबिनमध्ये लागली, हे मी छातीठोकपणे सांगते.

पुढे जहाजे मोठी झाली आणि त्यांना ही नदी पुरेना. ती समुद्राकाठच्या नव्या बंदरात जाऊ लागली. धक्का ओस पडला, मला गंज चढला. माझ्या शेजारच्या दोन्ही बहिणींना कापून भंगारात घातले. ते मला बघावे लागले, कारण मान फिरवायला मामा नव्हता. मग खोल्यांवर हातोडा पडला. बिऱ्हाडे ट्रकवर चढली आणि शहराच्या पार टोकाला, शेवटच्या बसथांब्याच्याही पलीकडे नेऊन टाकली गेली. मी तेवढी वाचले, कारण नव्या इमारतींचा आराखडा करणाऱ्या साहेबांना माझा आकार आवडला. त्यांनी माझी चाके सिमेंटमध्ये गाडली, अंगाला रंग फासला आणि भोवती गुळगुळीत कट्टा बांधला. आता माझ्या पायाशी काचेची घरे आहेत, कॉफीची दुकाने आहेत. मला रोज पुसतात. उचलायला मात्र कुणी काही देत नाही.

तुमच्या सहली सुरू झाल्या त्या यानंतर. 'शहराचा कायापालट' असा धडा आहे म्हणे तुम्हाला. वर्ग घेऊन येणाऱ्या भूगोलाच्या बाई म्हणजे मामाची लेक. तिला पाहून मला फार आनंद झाला, पण तिने मुलांना माझी ओळख करून दिली ती जतन केलेली वास्तू म्हणून. नंतर मुलांनी हातात कागद घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाठले. तुम्ही इथे राहता, इथे काम करता, की फिरायला आलात? तिन्हींपैकी एका रकान्यात खूण झाली, तरच पुढचा प्रश्न: हा बदल तुम्हाला आवडला का? कॉफी पिणाऱ्या माणसांना तो आवडलेलाच होता. दरवर्षी उत्तर तेच यायचे आणि मुले खूश होऊन बसमध्ये बसायची. ज्यांना हुसकावले होते, ती माणसे तुमच्या कागदाच्या वाटेत येणार तरी कशी?

मामा अधूनमधून यायचा. बस बदलत, धापा टाकत. कट्ट्यावर बसून माझ्याशी बोलायचा. "आक्का, पोरीला म्हटलं, मलाही विचारू दे की पोरांना. इथं कोण राहायचं, काय चालायचं, सगळं सांगतो. तर म्हणते, पुढच्या वर्षी बघू, बाबा." एवढे बोलून तो खोकत राही. फार वर्षे उरली नव्हती, हे मला दिसत होते आणि त्यालाही.

शेवटी एका सहलीच्या दिवशी तो न सांगताच आला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. कट्ट्यावर ताठ बसून वाट बघू लागला. दोन मुली त्याच्याकडे आल्या तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला, की काय सांगू!

"आजोबा, तुम्ही इथे राहता?"

"राहायचो, बाळांनो. त्या दुकानाच्या जागी माझं घर होतं."

"आता नाही ना राहत? मग काम करता?"

"हिच्यावरच तर होतो इतकी वर्षं!"

"म्हणजे आता नाही. मग फिरायला आलात?"

"फिरायला कशाला येऊ? तुम्ही विचाराल म्हणून आलो."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. "आजोबा, यातलं एक तरी लागतं. नाहीतर पुढचं विचारता येत नाही. थँक्यू हं." आणि त्या गेल्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या. त्यांना शिकवले तसे त्या वागल्या.

एवढ्यात रखवालदार आला. "ओ काका, उठा. कट्ट्यावर बसायचं नाही."

"अरे, ही माझी..."

"तुमची कुठली? मालकांची आहे. चला, उठा बघू."

त्याने मामाचा दंड धरला. हाकेच्या अंतरावर लेक उभी होती. शेजारी मुख्याध्यापक आणि सहलीला परवानगी देणारे साहेब. तिने पाहिले. मी शपथेवर सांगते, तिने पाहिले. मग तिने तोंड नदीकडे फिरवले आणि आवाज चढवून ती म्हणाली, "मुलांनो, ही क्रेन म्हणजे जतनाचा उत्तम नमुना!"

"असू दे. तिची नोकरी आहे," मामा मला म्हणाला आणि भिंत धरत धरत निघून गेला. तो पुन्हा आला नाही.

पुढच्या सहलीला लेक आली तेव्हा अगदी खंगलेली दिसली. "बाबा गेले," एवढेच ती दुसऱ्या बाईंना म्हणाली. तिने कागदावर चौथा रकाना वाढवला होता: पूर्वी इथे राहत होतात किंवा काम करत होतात का? मुले दिवसभर फिरली. संध्याकाळी एक मुलगा धावत आला. "बाई, चौथ्या रकान्यात कुणीच नाही मिळालं. पुढच्या वर्षीपासून काढून टाकायचा का?"

ती माझ्या पायाला कपाळ टेकून नुसती उभी राहिली. मुले पांगली, बसने भोंगा वाजवला, तरी ती हलेना.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला पुसणारे, रंगवणारे पुष्कळ आहेत. तुमचे कागद घेऊन शेवटच्या बसथांब्याच्या पलीकडे जा. तिथे हमाल आहेत, त्यांच्या बायका आहेत. कुणी विचारील म्हणून अजून कुणीतरी दाढी करून बसलेला असेल.