खालच्या पाऱ्याचा हात

“पक्की खबर है मेरे पास! नल में पानी क्यों नहीं? इसमें नीचे पारा का हाथ है!” नरहरीने चष्मा पुसत, आपल्या वस्तीखालच्या मोहल्ल्याचं, म्हणजे खालच्या पाऱ्याचं नाव घेत नाकातून शेवटचं वाक्य सोडलं आणि उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधली जेवणाची सुट्टी हसण्याने दणाणली.

टीव्हीवर रोज संध्याकाळी भांडणाऱ्या एका राजकीय पंडिताची ही नक्कल तो चार वर्षं करत होता. छप्पन्न वर्षांच्या या फिटरला मिलमध्ये दुसऱ्या कशासाठी कोणी ओळखत नव्हतं. त्या दिवशी सोबतच्या प्रफुल्लने मोबाइलवर व्हिडिओ घेतला. तो फिरत फिरत नरहरीच्या वस्तीत पोचला, तेव्हा लोकांचं हसणं त्यातून कापलं गेलं होतं.

रविवारी सकाळी बुद्धविहारासमोरच्या नळावर गलका ऐकून नरहरी बाहेर आला. खालच्या पाऱ्यातल्या शर्मिष्ठाला बाया परत पाठवत होत्या. ही शर्मिष्ठा त्याच्या बायकोच्या, सुशीलाच्या बाळंतपणात रात्रभर बसली होती. पाण्यावरून परत पाठवणं म्हणजे काय, हे या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सांगायची गरज नव्हती.

“काहून अडवता तिले?”

“मोटर लावून सारं पाणी खेचतेत ते लोक,” वस्तीतले यशवंतराव म्हणाले. “तुम्हीच तं सांगितलं, नरहरीभाऊ.”

“अरे, मजाक होती ते! त्या टीव्हीवाल्याची नक्कल!”

“टीव्हीवाला बी तेच म्हणून राहिला, सगळीकडं असंच चालू आहे म्हणून. मंग तुम्ही दोघंबी खोटे का?”

शेजारची रीना म्हणाली, “डर गए क्या, काका?”

नरहरीने पुन्हा समजावलं, हळू, स्वतःच्या आवाजात. कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी नाइलाजाने त्याने चष्मा काढला आणि नाकातून म्हणाला, “पक्की खबर है मेरे पास! नीचे पारा बेकसूर है!”

बाया क्षणभर थांबल्या. मग पोट धरधरून हसल्या.

शर्मिष्ठा केव्हाच उतार उतरून गेली होती. नरहरीने घरातले दोन भरलेले हंडे उचलले आणि तिच्या मागे गेला. तिच्या उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती.

“दीदी, पाणी.”

“रहने दो भैया. तुम्हारे पारा में कम पड़ जाएगा.”

त्याने हंडे उंबऱ्यावर ठेवले आणि तिथेच उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने हंडे आत नेले, पाणी आपल्या भांड्यांत ओतून घेतलं. मग रिकामे हंडे पदराने कोरडे पुसून उंबऱ्याबाहेर ठेवले आणि दार लोटून घेतलं.