बैलाच्या आकाराची पोकळी

मी एक जुना साचा आहे. जळकोटच्या धुळाप्पा कुंभाराकडचा. मित्रांनो, पोळ्याला तुमच्या घरी मातीच्या बैलांची पूजा होत असेल. तुम्ही त्यांच्या शिंगांना बेगड लावली असेल, त्यांच्यापुढे पुरणपोळीचा घास ठेवला असेल. ते बैल ज्याच्यातून बाहेर पडतात, त्याच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. साच्यात पाहण्यासारखं काही नसतंच. माझे दोन अर्धे जोडले की आत बैल नसतो, बैलाच्या आकाराची पोकळी असते.

माझा जन्म पांढऱ्या भुकटीतून झाला. प्लास्टरची भुकटी पाण्यात कालवली की थोड्या वेळात घट्ट होते, आणि घट्ट होताना तापते. मला आयुष्यात ऊब जाणवली ती तेवढीच. पुढचं सगळं काम थंड होतं. माझ्या आत ओली माती दाबायची. मी तिच्यातलं पाणी पितो. पाणी गेलं की माती किंचित आकसते, माझ्या भिंतीपासून सुटते आणि बैल अलगद हातात येतो. तहानलेलं असणं, एवढंच माझं कौशल्य.

माझ्याआधी दोन साचे होऊन गेले, आणि त्यांच्याही आधी फक्त धुळाप्पाचा हात होता. तरुणपणी तो प्रत्येक बैल हातानं करायचा. एक दुसऱ्यासारखा नसायचा. काही चांगले व्हायचे, काही फसायचे. एका वर्षी त्याच्या हातून एक बैल झाला. मागून कोणी हाक मारावी तशी त्याची मान जरा वळलेली होती. नळदुर्गच्या बाजारात त्या बैलाभोवती माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "धुळाप्पा, असा बैल पुन्यांदा व्हायचा न्हाय बग."

ते बोलणं कौतुकाचं होतं, पण धुळाप्पा त्याला भ्याला. घरी येऊन त्यानं त्या बैलाचा साचा काढला.

मग काम सोपं झालं. माती दाबायची, उघडायची, वाळवायची, रंगवायची. धुळाप्पाची बायको इरम्मासुद्धा साचा भरू लागली. धुळाप्पाचे हात चालत असायचे आणि कान मोबाईलवरच्या बातम्यांकडे. पहिला साचा झिजला, तेव्हा त्यानं त्याच साच्यातला एक वाळलेला बैल घेतला आणि त्यावरून दुसरा साचा केला. दुसरा झिजला, तेव्हा तसाच मी. कुठं काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही.

सुरुवातीला माझंही नाव झालं. "धुळाप्पाचा बैल" म्हणून लोक मागून न्यायचे. पण आमच्या विहिरीचं पाणी जड. दर भरणीला त्यातला थोडा क्षार माझ्या बारीक छिद्रांत बसत गेला. माझी तहान मंदावली. माती आत आली काय, गेली काय, मला फरक कळेना. बैल भिंतीला चिकटायचे, मग धुळाप्पा मला गुडघ्यावर आपटायचा. त्याचंही लागत नसे. दुःख होतं असं म्हणणार नाही. काहीच होत नव्हतं.

धुळाप्पाचंही तेच चाललं होतं, हे मला त्याच्या अंगठ्यावरून समजायचं. त्याचा अंगठा नेहमीच्या जागी, नेहमीच्या जोरानं दाबायचा. मातीत खडा आला तरी थांबायचा नाही.

बाजारात बायका म्हणू लागल्या, "अवो धुळाप्पा, बैलाला डोळं कुठं हायत?"

"रंगात हायत की," धुळाप्पा सांगायचा. पुढच्या वर्षी त्यानं आणखी भडक रंग आणला.

यंदा नागपंचमीला त्याची थोरली बहीण उमाबाई बेंबळीहून माहेरी आली. तिनं पिशवीतून लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला, धुळाप्पाच्या पहिल्या साच्यातला मातीचा एक बैल काढला. पूजा झाली की हे बैल ओढ्यात सोडायची आमच्याकडं रीत आहे, म्हणून जुना बैल कोणाच्या घरी राहत नाही. पण दुष्काळाच्या एका साली बेंबळीच्या ओढ्याला पाणीच नव्हतं. उमाबाईनं तो बैल भिंतीतल्या देवळीत ठेवला होता.

"रंग उडालाय. रंगवून दे," ती म्हणाली.

इरम्मानं तो बैल फळीवर माझ्या ताज्या बैलांशेजारी ठेवला. माझे बैल त्याच्या जेमतेम खांद्याला लागत होते.

"धुळ्या," उमाबाई म्हणाली, "ही वासरं कुणासाठी केलास?"

"वासरं न्हाईत अक्का. बैलच हायत. त्येच बैल."

खरंच तेच होते. मित्रांनो, माती वाळली की आकसते. वाळलेल्या बैलावरून साचा केला, तर त्या साच्यातला बैल वाळून आणखी आकसतो. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. वर्षानुवर्षं धुळाप्पाचा बैल लहान होत गेला होता, मान सरळ होत गेली होती, डोळे बुजले होते. रोज पाहणाऱ्याला ते दिसलं नाही.

धुळाप्पा उठला आणि प्लास्टरचं पोतं घेऊन आला.

"ह्ये काय?" उमाबाईनं विचारलं.

"तुझ्या बैलाचा साचा काढतो. मोठा व्हईल परत."

"आन् तू कशाला पायजेस मग? साचा तर इरम्मा बी भरती. तुजा हात कुठं गेला रं?"

धुळाप्पानं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाला, "हात ऱ्हायला न्हाय, अक्का. खरंच न्हाय."

हे तो रडून बोलला नाही. विहिरीचं पाणी आटलं हे सांगावं, तसं बोलला. पण मला समजलं, याला भीती पोळ्याच्या विक्रीची नाही. आपण कुंभार उरलो आहोत की नाही, हे त्याला पाहायचं नव्हतं.

उमाबाईनं मातीचा गोळा त्याच्यापुढं आपटला. "बसून बग तरी."

तो बसला. पहिला बैल उभाच राहीना. दुसऱ्याकडं पाहून इरम्मानं तोंडाला पदर लावला. "अगं बया, वन्सं, डुक्कर झालं की ह्ये!"

"डुक्कर तर डुक्कर. सालं जिवंत तरी दिसतंय," उमाबाई म्हणाली.

दिवसामागून दिवस तो बहिणीचा जुना बैल समोर ठेवून करत राहिला, आणि प्रत्येक वेळी अंगठा आपल्या जुन्या जागी जाऊन बसला. शेवटी उमाबाई वैतागली. "मातीच्या बैलाकडं बगून बैल करतुस. खरा बैल कधी बगितलास?"

गावात आता ट्रॅक्टरच आहेत. सिद्रामप्पाच्या मळ्यात तेवढी एक जोडी उरली आहे. पुढचं मी इरम्माच्या तोंडून ऐकलं. सिद्रामप्पा हसून म्हणाला होता, "गाडीभर बैल इकणारा तू, आन् माजा बैल बगायला आलास व्हय?" धुळाप्पानं बैलाच्या वशिंडावर पंजा ठेवला, पाठीवरून हात फिरवला, गळ्याखालची लोंबती कातडी चिमटीत धरली. तेवढ्यात बैलानं मान वळवून त्याचा हात चाटला. ती जीभ कानशीसारखी खरखरीत होती. धुळाप्पानं दचकून हात मागं घेतला, आणि पुन्हा पुढं केला.

घरी येऊन त्यानं जो बैल केला, तो स्वतःचा खांदा चाटत होता. नंतरचा मान खाली घालून उभा होता. त्यानंतरच्याचं एक शिंग आखूड झालं. पण काम हळू होतं. बाजार तोंडावर आला तरी फळी निम्मी रिकामीच.

तेव्हा इरम्मानं मला आणलं. घासून, पुसून, वाळवून. "ह्याच्यात भरू निम्मं. लोकं जोडी मागत्यात, एकसारकी. ह्या तुमच्या बैलांची कुटं जोडी जुळतीया?"

तिचं खोटं नव्हतं. धुळाप्पानं माझे दोन्ही अर्धे हातात घेतले. माती मळून तयार होती. त्याचा अंगठा माझ्या कडेवरून सवयीनं फिरला. मी वाट पाहिली नाही. मला वाट पाहता येत नाही. पण त्या अंगठ्याचा दाब पहिल्यांदाच वेगळा होता, हे मी सांगू शकतो. तो चाचपत होता.

त्यानं मला उचलून अंगणात नेऊन ठेवलं.

"आवो, फुटंल की! फळीवर तरी ठिवा."

"फळीवर नगं. समोर ऱ्हायला तर फुडल्या साली म्या परत भरीन."

बाजारात बरेच जण जोडी जुळत नाही म्हणून पुढं गेले. थोडे बैल विकले, काही परत आले. एका म्हाताऱ्यानं खांदा चाटणारा बैल उचलला आणि किती तरी वेळ तो तळहातावर फिरवत राहिला. "आमचा तांबडा अस्साच चाटायचा," एवढंच तो म्हणाला. ही शाबासकी नव्हती. घरी आल्यावर इरम्माला हे सांगताना धुळाप्पा एकदम चूल फुंकायला वाकला. चूल इरम्माची होती, आणि ती चांगली पेटलेली होती.

आता मी पावसात असतो. प्लास्टर पाण्यात विरघळतं, पण फार सावकाश. दर सरीला माझी एखादी रेघ जाते.

मित्रांनो, माझ्यासारख्याची एक विनंती ऐका. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, हे चित्र तुम्ही किती वेळा काढलं आहे? बाईंनी कधीतरी त्याला शाबासकी दिली असेल. ते चित्र चांगलंच आहे. ते जपून ठेवा, पण त्यावरून पुढचं चित्र काढू नका. बाहेर जाऊन खऱ्या डोंगराकडं पाहा. आमच्याकडचे डोंगर टोकदार नसतात, माथ्यावर सपाट असतात. पुढचं चित्र बिघडेल. बिघडू द्या.

काल धुळाप्पा ओसरीत एक नवीन बैल करत होता, बसलेला, पाय पोटाशी घेतलेला. तो काही जमला नाही. त्यानं तो मोडला, माती पुन्हा मळली, आणि इरम्माला म्हणाला, "मोबाईल बंद कर गं जरा."