नुसतं शकुबाई

सेनगावच्या लखमाई बियाणे कंपनीत दर दिवाळीला घड्याळं वाटायची पद्धत होती. तबकडीवर ठसठशीत अक्षरांत 'लखमाई'. ही घड्याळं गावोगावी इतकी झाली होती की लोक ती लग्नात आहेर म्हणून पुढं सरकवत.

"यंदा मनापासून काहीतरी देऊ," मालक विश्वंभरराव म्हणाले. "स्टीलचा डबा, त्यावर कामगाराच्या घरच्या बाईचं नाव. पुढं 'सौ.' लावून."

कार्यालयातल्या मंजुषाला कल्पना आवडली. नावं लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तिचे वडील तातेराव इथलेच गोदामवाले, श्रावणात गेले.

"आईचं काय करायचं, साहेब? आणि चंदाबाईंचं?" चंदाबाई तांड्यावरची, इथंच बियाणं निवडायची, तीही विधवा.

विश्वंभरराव घुटमळले. "त्यांना 'सौ.' कसं घालणार? दोघींचीच नावं मोकळी, बरं नाही दिसत. मागची घड्याळं उरलीत ना? ती द्या."

दोन्ही घड्याळं मंजुषानंच कागदात बांधली, गाठही नीट मारली.

धनत्रयोदशीला आवारात वाटप झालं. डब्यावरचं नाव बोटानं चाचपत एकेक बाई परत फिरत होती. चंदाबाईनं कागद फाडला. "घड्याळ देऊन राहिले. माही येळ भरली का काय?"

बायका हसल्या. मंजुषाची आई शकुबाई मात्र घड्याळ घेऊन मालकासमोर गेली.

"आमाला डबा काहून न्हाई?"

"वहिनी, समजून घ्या. त्यावर 'सौ.' आहे."

"कुंकू त्यांच्या संगं गेलं. नाव तर माजंच व्हतं ना?" तिनं घड्याळ पुढं धरलं. "हे वाचा. तुमच्या मायचं नाव हाय. तुमी रांगत व्हते तवाच त्यांचं कुंकू गेलं. तरी तुमी पोत्यापोत्यावर त्यांचं नाव छापलं. म्होरं सौ. न्हाई म्हून कोन्या गिऱ्हाइकानं पोतं वापस केलं का?"

आईचं नाव विश्वंभररावांना रोज दिसत होतं. वाचलं त्यांनी आज.

"चुकलं, वहिनी. काय घालू डब्यावर?"

"नुसतं शकुबाई. ते याच नावानं हाक मारत व्हते."

शकुबाईचा आणि चंदाबाईचा डबा दिवाळी सरल्यावर आला. मंजुषानं घरी आईच्या डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. श्रावणापासून त्या घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. शकुबाईनं डब्यात तुरीची डाळ ओतली आणि झाकण घट्ट दाबलं.

पुढच्या दिवाळीला कुणाच्याच डब्यावर 'सौ.' नव्हतं.

वाचकहो, भेटीवर नावं आपण सगळेच हौसेनं घालतो. घालायचंच, तर माणसाचं नाव घालावं. तिचा नवरा आहे की गेला, हे डब्यानं गावाला सांगायची काय गरज? जी भेट वाटताना एखादीला बाजूला काढावं लागतं, ती कितीही चकचकीत असो, तो अपमानच.