स्फटिकाखालचा कण

पूर्वानं सूक्ष्मदर्शकाचं चाक जरासं फिरवलं आणि स्फटिकाला गेलेला तडा मुळापर्यंत स्वच्छ दिसू लागला. मुळाशी एक लाल कण होता.

कण कुंकवाचा होता. खंडेनवमीला, प्रयोगशाळेत कोणी नसताना, स्फटिकाच्या डबीला बोट तिनंच लावलं होतं. क्वांटम भौतिकीत पाच वर्षं काढलेल्या बाईनं करावं असं ते काम नव्हतं. पण चार स्फटिक आधीच तडकले होते आणि हा शेवटचा होता. चिप काय, कारखाना शेकड्यानं छापून देतो. प्रकाशाला क्षणभर धरून ठेवणारा हा तांदळाएवढा दगड चिपवर चिकटवायचा, तर मध्ये कण चालत नाही. देवाचाही नाही. उणे दोनशे एकोणसत्तर अंशांना दगड आक्रसला आणि कणापाशी फुटला.

माधव सरांनी डोळा लावून पाहिलं, मग दाराशी उभ्या कंत्राटी तंत्रज्ञाकडे वळले.

"काय दशरथ, झाली का पूजा यथासांग?"

"सर, छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात कुंकू नाही."

"घरात नसेल. इथे आहे."

"म्हणजे तीन पिढ्या थांबून मी तुमच्या चिपवर सुरुवात केली?"

"चावी तुम्हा दोघांकडेच असते. पूर्वा स्वतःच्या पीएचडीचं वाटोळं कशाला करेल?"

पूर्वा एकेक बोट सोडवत हातमोजा काढत होती. पाचव्या बोटाशी ती थांबली.

"सर..."

"हं?"

"नमुना जपून ठेवते. चौकशी समितीला दाखवायला लागेल."

सरांनी मान डोलावली. दशरथनं उद्यापासून यायचं नाही, हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की यंत्रांची घरघर मोठी वाटली. मग ते समितीला फोन करायला बाहेर गेले.

दशरथनं अंगातला पांढरा कोट काढला, घडी घातली, घडी विस्कटली म्हणून पुन्हा घातली. पायांवरचे कापडी बूट काढून नियमाप्रमाणे लाल डब्यात टाकले. दार अर्धं उघडून तो वळला.

"मॅडम, ती कुंकवाची पुडी तुमच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे. आता समिती सगळेच ड्रॉवर उघडेल."

"बरं," पूर्वा म्हणाली.